टर्नटेबल दिवाणखान्यात, ॲम्प्लिफायर अभ्यासिकेत: लांब केबलचे काय करावे?

प्रश्न:
वडिलांचे टर्नटेबल दिवाणखान्यात आहे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र जागेअभावी अभ्यासिकेत मांडले आहेत. दोहोंमध्ये १२ मीटरची आरसीए केबल टाकली आहे. सुई टेकवण्याआधीच स्पीकरमधून घूं असा आवाज येतो आणि टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) धातूला बोट लावले की तो बदलतो. तबल्याची चाट बोथट झाली आहे, तानपुऱ्याची जवारी तर पुसल्यासारखी वाटते. महाग केबल घ्यावी का?

प्रतिसाद १:
कृपया त्यावर पैसे घालवू नका. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या, तिच्या कंपनांची वीज करणाऱ्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट सिग्नल निघतो. साध्या शील्डेड केबलची कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर तुमच्याकडे ती १२०० झाली. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजला मात्र सहसा एकूण १०० ते ३०० एवढीच मानवते, आणि त्यापलीकडे वरचे स्वरांश गळू लागतात. जवारी नेमकी त्याच स्वरांशांत असते. फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) टर्नटेबलच्या शेजारीच ठेवा, टोनआर्मची अर्थची तार (ती बहुधा जोडलेलीच नाही) त्याच्या स्क्रूला आवळा, आणि तिथून पुढे लाइन लेव्हलचा (वाढवलेला) सिग्नल १२ मीटर खुशाल न्या. ॲम्प्लिफायरला मात्र तो ऑक्स (लाइन लेव्हलच्या) इनपुटमध्येच द्या, फोनोमध्ये नव्हे.

प्रतिसाद २:
वरील सल्ला योग्य आहे, पण दोन खोल्यांतील उपकरणे वेगवेगळ्या तीन-पिन सॉकेटांवर असतील तर अर्थिंगचे वेटोळे (दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन बनणारे बंद मंडल) तयार होऊन ५० हर्ट्झची घरघर उरू शकते. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, ते जिवावर बेतू शकते. सिग्नलच्या केबलमध्ये लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे देऊन दोन उपकरणांमधली थेट विद्युत जोडणी तोडणारा) बसवा. केबल विजेच्या वायरिंगला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

प्रतिसाद ३:
मी ॲम्प्लिफायरच दिवाणखान्यात आणला असता. स्पीकरची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १२ मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध ०.१८ ओहमच्या आसपास भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. आवाज कमी-जास्त करायला उठावे लागेल हे खरे, पण रेकॉर्डची बाजू पालटायला आपण उठतोच.

प्रश्नकर्ता:
आज ॲम्प्लिफायर तात्पुरता टर्नटेबलशेजारी नेऊन टर्नटेबलच्या स्वतःच्या छोट्या केबलने आणि अर्थच्या तारेसह जोडला, आणि हेडफोन लावून ऐकले. घूं आवाज थांबला, जवारी परत आली. उद्या २.५ ची तार आणतो. सर्वांचे मनापासून आभार.