एडीएचडी असताना ऑफिसात शब्दाला किंमत कशी टिकवायची?

प्रश्न – स्लोलोकल

एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं तो विकार) निदान झालंय, औषध सुरू आहे, तेव्हा "एडीएचडी खरंच असतं का" हा वाद इथे नको. नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), राहणं डोंबिवलीत. कामाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. पण जाता-येता कोणी काम सांगितलं की तोंडातून "हो, करतो" निघतं आणि खुर्चीपर्यंत पोचेतो ते पुसलं जातं. दोन तासांचं म्हटलेलं काम दिवस खातं. मग उशिराची लाज वाटून मेलला उत्तरच जात नाही. यावर नेमके उपाय हवेत. आणि मॅनेजरला निदान सांगावं का?

कागदकाडी

आधी तो "हो" बंद करा. त्याऐवजी ठरलेलं एकच वाक्य: "बघून चारपर्यंत सांगतो." आणि समोरचा उभा असतानाच फोन काढून त्यालाच मेसेज टाका: काम काय, कधीपर्यंत. "जागेवर जाऊन लिहितो" चालत नाही, कारण मधल्या वीस पावलांतच दुसरं कोणीतरी भेटतं. मेसेज त्याच्याकडेही गेल्यामुळे ऐकण्यात चूक असेल तर तो लगेच सांगतो, हा वरचा फायदा.

नोंदीची जागा एकच. डायरी, पिवळ्या चिठ्ठ्या आणि तीन अ‍ॅप म्हणजे पाच ठिकाणी हरवायची सोय. नवीन अ‍ॅपचा उत्साह तीन आठवड्यांत ओसरतो, म्हणून मुद्दाम कंटाळवाणं साधन निवडा. साधी वही उत्तम.

अंदाजाचं म्हणाल तर दोन आठवडे प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: वाटलेला वेळ आणि लागलेला वेळ. दोनाचे पाच होत असतील तर तुमचा गुणक अडीच. मात्र तो कामागणिक वेगळा काढा. एक्सेलची बेरीज वेळेत होते आणि रिपोर्टचं लिखाण तिप्पट खातं, असं बऱ्याचदा दिसतं. सरसकट सगळ्याला अडीचने गुणलंत तर अर्ध्या तासाच्या कामाला सव्वा तास मागाल आणि आळशी ठराल.

आणि काम "झालं" कधी म्हणायचं? समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडल्यावर. फाइलला नाव देणं, पीडीएफ करणं, अटॅचमेंट जोडणं, या शेवटच्या वीस मिनिटांतच आपली मंडळी अडकतात, कारण तोवर त्यातली गंमत संपलेली असते. ती वीस मिनिटं अंदाजात वेगळी धरा.

परळ_४२

वरचं सगळं मान्य. पण माझ्या मते पत जाते ती उशिराने कमी आणि गप्प बसण्याने जास्त. शुक्रवारी द्यायचं असेल तर बुधवारी सकाळी ११ला गजर लावा. गजराचं नाव "अर्धं झालं का?" नसेल झालं तर त्याच मिनिटाला मेल: काय तयार आहे, काय राहिलं, नवीन वेळ कोणती. दोन दिवस आधी आलेला उशीर म्हणजे नियोजन, शुक्रवारी संध्याकाळी आलेला तोच उशीर म्हणजे बेजबाबदारपणा. नवीन वेळ ऐसपैस घ्या, कारण ती दुसऱ्यांदा चुकली की सांभाळणं अवघड.

लाजेमुळे अडलेल्या मेलसाठी ड्राफ्टमध्ये साचा तयार ठेवा: "उशीर झाला, क्षमस्व. भाग १ सोबत आहे. भाग २ मंगळवारी ३ वाजेपर्यंत." बस. सहा ओळींची माफी लिहायला घेतली की तो मेल कधीच जात नाही. कारणं लिहूच नका.

कागदकाडी

@परळ_४२, कारणांबद्दल थोडा मतभेद. काम दुसऱ्या विभागाच्या आकड्यांसाठी अडलं असेल तर ते लिहायलाच हवं, नाहीतर तो उशीरही यांच्याच खात्यात जमा.

नियमावली

निदान सांगण्याबद्दल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे "एडीएचडी आहे, म्हणजे कायद्याने सवलत मिळेलच" असं गृहीत धरून एचआरकडे जाऊ नका. दुसरीकडे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा तुमचा हक्क आहे.

म्हणून निदान सांगण्याआधी गरज सांगून बघा. "तोंडी ठरलेलं दोन ओळींत मेलवर मिळालं तर चूक होणार नाही", "अकरा ते एक चॅट बंद ठेवतो, तातडीचं असेल तर फोन करा." यासाठी आजाराचं नाव लागत नाही. नाव सांगितलं की ते परत घेता येत नाही, आणि पुढची प्रत्येक साधी चूकही त्याच चष्म्यातून बघितली जाण्याचा धोका राहतो. मॅनेजर नवीन असेल तर दोन-तीन महिने त्याला ओळखा, मग ठरवा.

हार्बरवाला

औषधाच्या वेळेकडे कोणी बघितलंच नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी साधारण चार तास चालते. घरी सातला घेतली तर त्यातले दोनेक तास लोकलमध्ये आणि कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेत गेले, अकराच्या मीटिंगला हाती काय? वेळ किंवा डोस मनाने बदलू नका, पण ऑफिसचं वेळापत्रक कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. अ‍ॅटोमॉक्सेटिनचं (हे एडीएचडीवरचं दुसरं औषध) तसं नाही, ते रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणामाला काही आठवडे लागतात. मिथाइलफेनिडेट प्रत्येक केमिस्टकडे नसतं आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या चिठ्ठीची व्यवस्था करा.

स्लोलोकल

गुणकाची वही उद्यापासून. एक शंका: एकाच दिवशी तिघांनी कामं दिली आणि तिघांनाही "चारपर्यंत सांगतो" म्हटलं तर?

कागदकाडी

साडेतीनला गजर, वही उघडायची, तिघांची कामं मॅनेजरला एकाच मेसेजमध्ये: "आज यातली दोन होतील, कोणती आधी?" क्रम त्याने लावायचा. चार वाजता तिघांना तोच क्रम कळवा, ज्याचं मागे पडलं त्याला सगळ्यात आधी.