नफा, मिळकत, परतावा: समभागांच्या बातमीत कुठला शब्द कुठे?

प्रश्न

शेअर बाजाराच्या बातम्यांत 'ईपीएस'ला (अर्निंग्ज पर शेअर) कुठे 'प्रति समभाग उत्पन्न' म्हणतात, कुठे 'प्रति समभाग मिळकत', तर कुठे 'कमाई'. 'रिटर्न' म्हणजे परतावा, हे ठीक. पण त्याच बातमीत दोन ओळी खाली लाभांशालाही परतावाच म्हटलेले असते. एका वार्षिक अहवालाचा मराठी सारांश करतोय, त्यासाठी शब्द पक्के करायचे आहेत. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

'उत्पन्न' आधी बाद करा. हिशेबाच्या भाषेत उत्पन्न म्हणजे विक्री आणि इतर जमा मिळून आलेली रक्कम, खर्च वजा होण्याच्या आधीची. नफा-तोटा पत्रकात ती सगळ्यात वर असते आणि ईपीएस अगदी तळाला. करोत्तर नफ्यातून अग्रहक्क भागांचा (प्रेफरन्स शेअर, ज्यांना लाभांश आधी मिळतो) लाभांश वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वर्षभरातल्या समभागांच्या भारित सरासरी संख्येने (कोणते समभाग वर्षात किती काळ होते, ते धरून काढलेल्या सरासरीने) भागायचे, की ईपीएस निघतो. म्हणजे ज्याला भागले तो नफाच. मग सरळ 'प्रति समभाग नफा' का लिहू नये? पहिल्या उल्लेखात 'ईपीएस' जोडून द्या, पुढे गरज नाही.

'मिळकत' चुकीचा नाही, रुळलेलाही आहे. पण हा शब्द घर-जमिनीलाही लागतो, त्यामुळे 'कंपनीची मिळकत' वाचून कुणाला तिची मालमत्ता वाटली तर दोष वाचकाचा नाही.

प्रतिसाद

'कमाई'ची बाजू घेतो. बोलताना आपण 'कंपनी चांगली कमावते' असेच म्हणतो, 'करोत्तर नफा मिळवते' असे कोण म्हणतो? मथळ्यात तर हा शब्द छान बसतो.

प्रतिसाद

बसतो, म्हणूनच घात होतो. 'तिमाही कमाईत वाढ' या मथळ्याखाली कधी विक्रीचे आकडे असतात, कधी नफ्याचे. दुसऱ्या दिवशी 'गुंतवणूकदारांची प्रचंड कमाई' असे छापून येते. तेव्हा कुणाच्या खात्यात दमडी आलेली नसते; बाजारभाव वर गेले म्हणून कागदावरचे मूल्य वाढलेले असते. गप्पांत कमाई म्हणा, अहवालात नको.

आता 'परतावा'. खरी गुंतागुंत इथे आहे. करखात्याकडून जादा भरलेला कर परत येतो तोही परतावा, त्यामुळे या शब्दात 'आपलेच पैसे परत' ही छटा आधीपासून आहे. गुंतवणुकीत मात्र अर्थ वेगळा: लाभांश अधिक भावातला फरक, भागिले गुंतवलेली रक्कम. ५०० रुपयांना घेतलेला समभाग वर्षाने ५४० वर गेला आणि मधे १० रुपये लाभांश मिळाला, तर एकूण परतावा १० टक्के. त्यातले ८ टक्के भाववाढीचे, तेही विकेपर्यंत कागदावरच. हातात आले ते फक्त २ टक्के. हे तिन्ही आकडे 'परतावा' या एकाच नावाने छापलेले सापडतात. म्हणून 'एकूण परतावा', 'भाववाढ' आणि 'लाभांश' हे शब्द वेगळेच ठेवावेत. मोघम 'परतावा' अहवालात एकदाही येऊ देऊ नये, असे माझे मत.

आणखी एक खोच. 'रिटर्न ऑन इक्विटी'चे भाषांतर 'भागधारकांच्या निधीवरील परतावा' असे होते. ते ऐकून वाटते, एवढे पैसे भागधारकांना परत मिळाले. प्रत्यक्षात ते कंपनीने त्या निधीवर मिळवलेल्या नफ्याचे प्रमाण आहे, वाटपाशी त्याचा संबंध नाही. उदाहरणार्थ, अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीने त्यांच्या काळात लाभांश दिला तो एकदाच, १९६७ साली. बाकी नफा कंपनीतच राहिला. मी इथे 'निधीवरील नफ्याचे प्रमाण' लिहितो. लांबतो, पण दिशाभूल करत नाही.

प्रतिसाद

लाभांशाबद्दलही एक. '२०० टक्के लाभांश जाहीर' वाचून नवखा माणूस हरखून जातो. ही टक्केवारी दर्शनी मूल्यावर (समभागावर छापलेली मूळ किंमत, बाजारभाव नव्हे) असते. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर २०० टक्के म्हणजे ४ रुपये. समभागाचा बाजारभाव ८०० असेल तर ते पडले अर्धा टक्का! सारांशात 'प्रति समभाग ४ रुपये' असेच लिहा आणि टक्केवारी द्यायचीच असेल तर कशावर, ते सांगा.

अवांतर: लाभांश रोखच असायला हवा असे त्या शब्दात कुठेच नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१० साली भागधारकांना पहिला लाभांश दिला तो जायपत्रीच्या रूपात. घेणाऱ्यांनी ती कुठे खपवायची, हा त्यांचा प्रश्न.

प्रश्नकर्ता

आभार. 'बोनस शेअर'ला आमच्या जुन्या अहवालात 'बक्षीस समभाग' लिहिलेय. ठेवू?

प्रतिसाद

नका ठेवू. बक्षीस म्हटले की कुणीतरी पदरचे दिले असे वाटते. इथे कंपनी स्वतःच्या राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वळवते आणि तेवढे नवे समभाग आधीच्याच भागधारकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे देते. एकास एक बोनस झाला की समभाग दुप्पट होतात आणि भाव साधारण निम्म्यावर येतो. कंपनीतला तुमचा वाटा होता तेवढाच. 'बोनस समभाग' पुरे, सगळ्यांना कळतो.

'बायबॅक'ला 'समभाग पुनर्खरेदी' चांगला आहे. पण त्या परिच्छेदात 'नफा' लिहिताना जपा. समजा नफा १०० कोटी आणि समभाग १० कोटी, तर प्रति समभाग नफा १० रुपये. कंपनीने १ कोटी समभाग परत घेऊन रद्द केले आणि पुढच्या वर्षी नफा तेवढाच राहिला, तर ९ कोटींनी भागून आकडा येतो ११ रुपये ११ पैसे. नफा एका पैशाने वाढला नाही, भाजक कमी झाला. इथे घाईत 'नफ्यात ११ टक्के वाढ' लिहिले की झाली चुकीची बातमी.

प्रश्नकर्ता

आणि 'भागधारक' की 'समभागधारक'? 'डायल्यूटेड ईपीएस'चे काय करू?

प्रतिसाद

अग्रहक्क भागवाले वगळून बोलत असाल तर समभागधारक, एरवी भागधारक. 'भागीदार' मात्र कधीच नको. भागीदारी पेढीत कर्ज बुडाले तर भागीदाराच्या घरापर्यंत येते, भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती.

डायल्यूटेडसाठी 'सौम्यीकृत' वाचला आहे, रसायनशाळेतून उचलल्यासारखा वाटतो. परिवर्तनीय रोखे (पुढे समभागांत बदलता येणारे कर्जरोखे), कर्मचाऱ्यांचे ईसॉप (ठरलेल्या भावाने समभाग घेण्याचा हक्क) वगैरे सगळ्यांचे उद्या समभाग झाले तर वाटेकरी वाढतील, तेव्हा प्रति समभाग नफा किती उरेल, एवढाच त्याचा अर्थ. 'डायल्यूटेड' तसाच ठेवा आणि ही एक ओळ तळटीप म्हणून द्या.