विद्यार्थ्यांचा जुना ट्रम्पेट: दुय्यम वाद्य की अस्सल कारागिरी?

पितळवेडा:
अमेरिकेतल्या शाळांत पाचवी-सहावीला बँड सुरू होतो आणि इथल्या मराठी घरांत दरवर्षी तोच प्रश्न येतो: ट्रम्पेट नवा घ्यायचा की जुना? माझं मत ठाम आहे. १९५०-६०च्या दशकांतला, नीट दुरुस्त केलेला, नवशिक्यांसाठी बनवलेला अमेरिकन 'विद्यार्थी' ट्रम्पेट घ्या.

ओल्ड्स कंपनीचा अँबॅसडर हा विद्यार्थी ट्रम्पेट बघा. त्यामागे फॉस्टर रेनॉल्ड्स होता. क्लीव्हलंडला एच. एन. व्हाइटच्या वाद्यांच्या कारखान्यात हात तयार झालेला, १९३६ मध्ये स्वतःची कंपनी काढलेला आणि १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाला ओल्ड्सकडे आलेला कारागीर. त्याने काटकसर केली ती नक्षीकामात आणि जादा फिटिंग्जमध्ये. व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) आणि नळीच्या बाबतीत हात आखडला नाही. म्हणून तर कितीतरी व्यावसायिक वादकांनीही अँबॅसडर वाजवला.

एल्खार्टच्या कॉन कंपनीने तर विद्यार्थ्यांसाठीच्या डायरेक्टर मालिकेतल्या काही मॉडेलांना 'कोप्रियन' बेल (ट्रम्पेटचं पसरट तोंड) दिली. साधी बेल पितळी पत्रा कापून, वळवून, जोड झाळून बनते. कोप्रियन बेलसाठी साच्यावर विजेच्या साहाय्याने शुद्ध तांब्याचा थर चढवत नेतात, त्यामुळे जोडच राहत नाही. शाळकरी पोराच्या वाद्यासाठी इतके कष्ट आज कोण घेतं?

सूरसाधक:
असहमत. बेलचं कौतुक ठीक आहे, पण मूल सुरात कसं वाजवणार? व्हॉल्व्ह दाबला की जादा नळी जोडली जाऊन सूर उतरतो, पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की ती नळी कमी पडते. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंमी. पहिल्या व्हॉल्व्हने तिच्यात १८ सेंमीची भर पडते, तिसऱ्याने २८ सेंमीची. पण दोन्ही मिळून पाच अर्धस्वर उतरायला जवळपास ५० सेंमी लागतात. म्हणजे साडेतीन सेंमीची तूट, आणि खालचा डी हा स्वर चढा लागतो. व्हॉल्व्हच्या नळीचा सरकता भाग म्हणजे स्लाइड; तिला दोन पाय असल्याने ती पावणेदोन सेंमी ओढली की काम होतं, पण त्यासाठी बोटांना पकड हवी. जुन्या विद्यार्थी वाद्यांवर पहिल्या स्लाइडला अंगठ्याची पकड बहुधा नसतेच, आणि तिसरी स्लाइड बऱ्याचदा जाम झालेली असते.

पितळवेडा:
साहेब, हिशोब बरोबर आहे. पण जाम स्लाइड हा दुरुस्तीचा प्रश्न झाला, रचनेचा नाही. तिसरी मोकळी केली की डी साधतो. पकडही कुशल कारागीर झाळून देतो.

नदीकाठ:
मला वेगळंच खटकतं. आज आपल्या हाती येतात ते वापर सोसून टिकलेले ट्रम्पेट. भंगारात गेलेले कुणी मोजले? शिवाय 'विद्यार्थी वाद्य' ही बाजारपेठ उभी करण्यात कारखानदारांचाच मोठा हात होता. १९२३ मध्ये शिकागोला राष्ट्रीय पातळीवरची शालेय बँड स्पर्धा झाली, तिच्यामागे वाद्य बनवणारेच होते. शाळांत बँड वाढले की वाद्यं खपतात. यात कलेचा कळवळा फार शोधू नका.

पितळवेडा:
धंदा होताच, नाकारत नाही. पण धंदा असूनही माल चोख दिला, हेच तर मला सांगायचंय. सेल्मर कंपनीच्या स्वस्त बंडी ट्रम्पेटवर नामांकित ट्रम्पेट-निर्माते व्हिन्सेंट बाख यांनी रचना केल्याचा उल्लेख कोरलेला सापडतो. इतक्या मोठ्या माणसाचं नाव, तेही शाळेच्या वाद्यावर!

सूरसाधक:
मग यामाहा या जपानी कंपनीचा नवा ट्रम्पेट का नको? १९६०च्या दशकात त्यांनीही शिकागोचे ट्रम्पेट-निर्माते रेनॉल्ड शिल्के यांना सल्लागार म्हणून घेतलं. वर सुटे भाग सहज मिळतात. ओल्ड्स १९७९ ला बंद पडली. व्हॉल्व्हमधले पिस्टन झिजले तर कुणाचं दार ठोठावणार? बँडच्या सरांसमोर पोरगी रोज अडकलेला व्हॉल्व्ह दाखवत बसली, तर चार महिन्यांत ट्रम्पेट सोडून देईल. मला त्याची काळजी जास्त आहे.

नदीकाठ:
ज्यांना जुनाच घ्यायचाय त्यांनी दोन गोष्टी तरी हाताने तपासा. लीडपाइपवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर, गुलाबी ठिपके दिसले तर पितळेतलं जस्त निघून चाललंय, नळी आतून कुजते आहे. आणि दुसरी स्लाइड तिचा व्हॉल्व्ह न दाबता हळूच बाहेर ओढा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉप' असा खणखणीत आवाज आला तर पिस्टन अजून घट्ट बसतोय. नुसती फुस्स झाली तर अँबॅसडर असो की डायरेक्टर, परत ठेवा.

सूरसाधक:
एवढं तपासून, दुरुस्तीचा खर्च धरूनही तो नव्यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर माझी हरकत नाही. नुसते फोटो बघून मागवायला मात्र अजूनही विरोध.