मदत हवी आहे: यंत्राच्या निर्णयाचं नेमकं काय मागायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात 'संगणकाचे निर्णय आणि न्याय' यावर बोलायचंय, पण एका जागी गाडी अडलीय.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने लूमिस खटल्यात शिक्षा ठरवताना 'कॉम्पास' सॉफ्टवेअरचा (आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा) अंदाज विचारात घेणं चालवून घेतलं. त्यामागचं गणित कंपनीचं गुपित, आरोपीलाही दाखवलं नाही! (सावधगिरीच्या सूचना जोडल्या, हे खरं.) उलट २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या न्यायालयाने सरकारी लाभांतली फसवणूक हुडकणारी 'सिरी' यंत्रणा (फोनमधली नव्हे) खासगीपणाच्या हक्कावर बोट ठेवून अडवली. ती पुरेशी पारदर्शक नाही, हे त्यातलं मोठं कारण.

पण आजच्या मशीन लर्निंगचं (म्हणजे माहितीवरून स्वतःच शिकणाऱ्या यंत्राचं) सूत्र उघड केलं तरी आकड्यांच्या त्या जंजाळातून सामान्य माणसाला काय कळणार? मग मागायचं काय: सूत्र, कारण, की माणसाकडून फेरतपासणी? युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्याचं कलम २२ (निव्वळ यंत्राने घेतलेल्या निर्णयांबद्दलचं) मला तिसऱ्याकडे झुकलेलं वाटतं. पण तो माणूसही यंत्राच्या उत्तरावर नुसताच शिक्का मारत असेल तर?

वकिली किंवा प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी जरा उलगडून सांगाल का? मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.