अनुभव धागा: फिजिक्स-कॅल्क्युलसचा गृहपाठ अडला तेव्हा कोणाला विचारलंत?

रिकामटेकडी
भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. काल रात्री मेसेज, "मावशी, जागी आहेस का? गणित अडलंय." खाली वहीचा तिरका फोटो. २ किलोची वस्तू, बल ६ एक्स न्यूटन, म्हणजे वस्तू पुढे सरकेल तसं बल वाढत जाणार. एक्स १ मीटर असताना वस्तू स्थिर, तर ३ मीटरवर वेग किती? बाईसाहेबांनी व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू एएस ठोकून दिलेलं, ॲक्सिलरेशन शेवटच्या ठिकाणचं, ९. उत्तर ६. पुस्तकात ४.९. वर मला प्रश्न, "पुस्तक चुकलंय ना?"

मला एकदम हॉस्टेलमधली आमची सिनिअर आठवली. तिच्याकडे वही नेली की ती उत्तर म्हणून सांगायची नाही. पेन्सिलीने ॲक्सिलरेशनभोवती एक गोल काढायची आणि विचारायची, "हे शेवटपर्यंत एवढंच राहतं का गं?" झालं, ताई परत आपल्या अभ्यासाला. सकाळी सबमिशन असायचं, त्यामुळे असा राग यायचा ना! पण गोल पुसायची हिंमत नव्हती, मग त्याच्याकडे बघत बसायचं, आणि बघता बघता कळायचं.

काल भाचीच्या फोटोवर तोच गोल काढून परत पाठवला. बराच वेळ काही नाही. मग आलं, "अय्या, इंटिग्रेट करायचंय!" व्ही डीव्ही बाय डीएक्स बरोबर ३ एक्स, लिमिट १ ते ३, व्ही स्क्वेअर २४. पुस्तक सुटलं बिचारं.

तर लिहा तुमचे. कोणी शिकवलं, कोणी हाकललं, सगळं चालेल.

चक्रम
"पुस्तक चुकलंय ना" हाहाहा. ही परंपरा अजून चालू आहे हे वाचून बरं वाटलं.

अर्धवट
पण सरासरी घेतली तरी २४ च येतात की. ३ आणि ९ ची सरासरी ६. टू एएस म्हणजे २ गुणिले ६ गुणिले २. इंटिग्रेशन कशाला पाहिजे मग? उगाच पोरीची झोप घालवली.

वर्तुळाबाहेर
अर्धवट, इथे बल एक्सच्या सरळ प्रमाणात वाढतंय म्हणून निभावलं. बल ६ एक्स स्क्वेअर घ्या आणि परत करा. इंटिग्रेट केलं तर व्ही स्क्वेअर ५२. तुमच्या सरासरीने ६०.

अर्धवट
तुमच्यासारखी माणसंच पुढे पेपर सेट करतात.

वर्तुळाबाहेर
करतो :)

खिडकीपाशी
माझं इंटिग्रेशन चांगलं होतं हो. कोणतंही द्या, सोडवून देते. पण फिजिक्सच्या गणितात ते डीएम, म्हणजे वस्तुमानाचा बारीकसा तुकडा, आणायचं कुठून हे काही केल्या कळेना. चकतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला ती किती जड जाते ते) काढा म्हटलं की मी वस्तुमान भागिले त्रिज्या करून डीआरने गुणून मोकळी. उत्तर यायचं एक तृतीयांश एमआर स्क्वेअर. हवा असायचा अर्धा.

रूममेट सिव्हिलची. तिने कंपासने कागदावर एकात एक वर्तुळं काढली आणि कात्रीने दोन कडी कापली, एक आतलं आणि एक बाहेरचं, रुंदी सारखीच. मग दोन्ही एका जागी छेदून टेबलावर सरळ केली. कागद नीट सरळ होत नव्हता, कडेला चुण्या पडत होत्या, त्यावर ती पट्टी दाबून धरत होती. "रुंदी सारखी. लांबी बघ." बाहेरची पट्टी कितीतरी लांब! म्हणजे कड्याचं क्षेत्रफळ टू पाय आर गुणिले डीआर, आणि बाहेरच्या कड्यात वस्तुमान जास्त. तो आर मी खाऊन टाकत होते. म्हणाली, "एक तृतीयांश हे टोकाभोवती फिरणाऱ्या काठीचं उत्तर आहे. तू चकतीची काठी केलीस."

ती सध्या पूल बांधते. माझ्या मुलीलाही मी कागद कापूनच दाखवलं. चुण्या डीआर लहान घेतला की जातात, हे मुलीने आपणहून सांगितलं, मला सुचलं नव्हतं.

निवांत
खिडकीपाशी, काय सुंदर! सेव्ह करून ठेवलं.

चक्रम
चकतीची काठी. हा शेरा मी आता ऑफिसात वापरणार.

उशिरा आलेला
कॅल्क्युलेटर डिग्रीत की रेडियनमध्ये यावर कोणीच कसं लिहिलं नाही? साइन ३० ला उणे ०.९८८ आलं की समजायचं, आधी कोणीतरी मशीन रेडियनवर ठेवून गेलंय. आमच्या वर्गात एकच चांगला कॅल्क्युलेटर होता, तो सगळ्यांच्या हातून फिरायचा.

आणि उलटंही. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्ये. डिग्रीत घेतलं तर पाय भागिले १८० पुढे येऊन बसतं. हे मला वर्गात नाही, ग्रंथालयात शेजारी बसलेल्या एका अनोळखी मुलाने सांगितलं. स्वतःचं काही वाचत होता, माझी खाडाखोड बघवली नसावी.

मोजपट्टी
+१ रेडियन. पेंड्युलमला साइन थीटा ऐवजी थीटा घेतो तेही त्यामुळेच चालतं. १० डिग्री म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि त्याचा साइन ०.१७३६. अर्ध्या टक्क्याचा फरक. डिग्रीत थीटा ठेवला तर १० आणि ०.१७, काय बोलणार.

निवांत
कॅल्क्युलेटरवरून आठवलं, झाकण सरकवायचे ते अजून मिळतात का? माझ्या झाकणाच्या आत सगळे फॉर्म्युले पेन्सिलीने होते. परीक्षेला जाताना पुसून जायचे, प्रामाणिकपणे.

अर्धवट
प्रामाणिकपणे :D

रात्रपाळी
सगळे उत्तर न सांगणाऱ्यांचं कौतुक करताय म्हणून मुद्दाम लिहितोय. मी नोकरी करून शिकलो. रात्री शिफ्ट संपवून वही उघडायची, त्यात कोणी "विचार कर" म्हटलं की वही फेकाविशी वाटायची. विचारच तर करत होतो! मला मदत केली ती एका मित्राने, पूर्ण सोडवलेली वही देऊन. पडणाऱ्या वस्तूला हवेचा विरोध, विरोध वेगाच्या प्रमाणात, ते गणित. एम डीव्ही बाय डीटी बरोबर एमजी वजा केव्ही. व्हेरिएबल वेगळे कसे करायचे, लॉग कुठून येतो, पुढे ई चा घात कसा येतो, एकेक ओळ होती. मार्जिनमध्ये त्याने लिहिलं होतं, "टी शून्य घाल, वेग शून्य यायला हवा. टी खूप मोठा घाल, एमजी बाय के यायला हवा." ही दोन वाक्यं मला कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त उपयोगी पडली. कॉपी केलंच मी ते. मग बसमध्ये वाचलं, परत वाचलं, आणि पुढचं आरसी सर्किटचं गणित आलं तेव्हा तेच आहे हे दिसलं. कपॅसिटरचा व्होल्टेजही तसाच चढतो, एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३ टक्के.

सगळ्यांकडे गोलाकडे बघत बसायला वेळ नसतो एवढंच.

रिकामटेकडी
रात्रपाळी, पटलं. पण तुमच्या मित्राने मार्जिनमध्ये लिहिलं ना, नुसतं उत्तर असतं तर?

रात्रपाळी
नुसतं उत्तर पुस्तकाच्या मागे असतंच की हो. त्यासाठी मित्र कशाला.

दोन मुलांची आई
धाकटा सगळं एआयला विचारतो. परवा उतारावरच्या ठोकळ्याचं गणित होतं, घर्षण म्यू एन (घर्षणांक गुणिले उताराचा लंब दाब) धरून उत्तर दिलं, ठोकळा आपला उतारावरून वर चाललाय! स्थिर घर्षण म्यू एन इतकं जास्तीत जास्त असतं, लागेल तेवढंच लागतं, हे त्याच्या वडिलांनी टेबल ढकलून दाखवलं. टेबल हललं नाही, यांची कंबर धरली. चला, कुकर झाला, नंतर लिहिते.

चक्रम
काकांना आराम पडला का?

मोजपट्टी
जरा विषयांतर. डीवाय बाय डीएक्स लिहिणं लाइब्नित्सचं, त्याने १६८४ मध्ये छापलं. डोक्यावर टिंब देणं न्यूटनचं. त्याचं या विषयावरचं सुरुवातीचं काम १६६५-६६ चं, केंब्रिज प्लेगमुळे बंद होतं तेव्हाचं. फिजिक्सच्या पुस्तकात टिंब आणि गणिताच्या पुस्तकात डीवाय बाय डीएक्स, त्यामुळे आमच्या बॅचमधल्या अर्ध्या लोकांना ते दोन वेगळे विषयच वाटायचे.

अर्धवट
मला ते टिंब झेरॉक्सचा डाग वाटायचं.

खिडकीपाशी
हाहाहा अर्धवट!!

नवा भिडू
नमस्कार, मी फर्स्ट इयरला आहे, धागा वाचून धीर आला म्हणून विचारतो. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवलेली. पाया सेकंदाला १ मीटरने बाहेर ओढतोय. पाया भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतं? मी ०.७५ काढलंय. बरोबर का?

वर्तुळाबाहेर
कसं काढलंस ते लिही की.

नवा भिडू
एक्स स्क्वेअर प्लस वाय स्क्वेअर बरोबर २५. दोन्हीकडे टी च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह. एक्स ३ तर वाय ४. खालचा वेग १, म्हणून वरचा ३ भागिले ४. पण सर, वाय शून्याकडे नेला तर वेग अनंत येतो. माझं कुठे बिघडलं?

वर्तुळाबाहेर
कुठेच नाही. ०.७५ बरोबर आहे. अनंताचं म्हणशील तर, समीकरण लिहिताना टोक भिंतीला चिकटून राहतं असं आपण धरलं. पाया त्याच वेगाने ओढत राहिलास तर खऱ्या शिडीला ते शेवटपर्यंत जमत नाही, जमिनीला पोचण्याआधीच टोक भिंत सोडतं. तिथून पुढे हे समीकरण लागू नाही. कधी सोडतं ते काढायला बलं मांडावी लागतील, ते फिजिक्सच्या वहीत.

नवा भिडू
हे उत्तरपत्रिकेत लिहू का?

अर्धवट
०.७५ लिही, खाली रेघ मार, आणि मग लिही. रेघेच्या वरचं तपासणारे वेगळे, खालचं वाचणारे वेगळे.

वर्तुळाबाहेर
मी दोन्ही वाचतो.