चाचणीत पास म्हणजे न्याय्य चित्रपट?

चित्रपटांवरच्या चर्चेत कुणीतरी म्हणतंच, 'बेक्डेल चाचणीत पास झाला, म्हणजे चित्रपट स्त्रीवादी.' इथे गल्लत होतेय. ही चाचणी ज्यातून आली, त्या अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या 1985 च्या कॉमिक स्ट्रिपमध्ये तीनच अटी होत्या: दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात, आणि विषय पुरुष नसतो. एखादं मिनिटभराचं संभाषणही या अटी पूर्ण करतं. उलट 2013 चा 'ग्रॅव्हिटी' जवळजवळ पूर्ण एका स्त्रीच्या खांद्यावर उभा असूनही नापास होतो. म्हणजे ही चाचणी अनेक चित्रपटांना एकत्र लावून चित्र पाहायला चांगली, एका चित्रपटाचा निकाल द्यायला नाही.

परीक्षण लिहायचं तर चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा, कुठे रडू आलं, कुठे हसू, तेवढंच टिपा. दुसऱ्यांदा वही आणि वेळ: अन्यायाच्या प्रसंगात कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो? पीडिताच्या की वाचवणाऱ्याच्या? शोषित पात्राला स्वतःची इच्छा, चूक, विनोद आहे का, की ते फक्त सोसतं? शेवट कुणाच्या निर्णयाने होतो? मला सगळ्यात बोलका वाटतो तो कॅमेऱ्याचा प्रश्न, कारण संवाद समतेचे असूनही सहानुभूती दुसरीकडेच वळवता येते.

आणि एक नेहमीची चूक: पात्र जातीयवादी बोललं म्हणून चित्रपटच जातीयवादी ठरवणं. त्या वाक्यानंतर चित्रपट काय करतो, ते बघा. तो वाक्याला हशा मिळवून देतो, की बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजायला लावतो? दावा करताना प्रसंग आणि मिनिट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पडताळता येईल.