कुंडीतलं आलं: फ्लॅटमधले तुमचे अनुभव लिहा

ठाणे-नवी मुंबईत अंगण कुणाला असतं? पण खिडकीला ग्रिल सगळ्यांच्याच असते, आणि आलं त्या ग्रिलमध्ये मस्त येतं असं माझं ठाम मत आहे. त्याला मिरची-टोमॅटोसारखं दिवसभर कडक ऊन लागत नाही. कोकणात नारळ-सुपारीच्या विरळ सावलीत ते आंतरपीक म्हणून घेतातच. ज्यांनी घरात लावलंय त्यांनी जरूर लिहा. खिडकीची दिशा, माती आणि पाणी मात्र नक्की सांगा, बाकीचं त्यावरच ठरतं.

मीच सुरुवात करते. नौपाडा, पूर्वेची खिडकी. अक्षय्य तृतीयेच्या आसपास भाजीवालीकडून जुनं, जाड सालीचं आलं निवडून घेते. कोवळं पातळ सालीचं नको, सुरकुतलेलंही नको. ओट्याच्या कोपऱ्यात कापडाखाली ठेवलं की डोळे फुगतात. मग प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असं कापायचं, काप एक-दोन दिवस सुकू द्यायचा आणि डोळा वर ठेवून दीड-दोन इंच खाली लावायचं. कुंडी पसरट हवी, कारण कंद आडवा वाढतो. मी तळाला भोकं पाडलेला जुना टब वापरते. कोंब यायला तीन-चार आठवडेही लागतात, तोवर पाणी अगदी बेताचं.

ऐरोली, सातवा मजला:
आमची खिडकी पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. दुपारनंतरच्या उन्हाने पानांची टोकं करपायची. हिरवी शेडनेट बांधली आणि प्रश्न सुटला. कुंडी एसीच्या झोतात मात्र ठेवू नका, कोरड्या हवेत पानं गुंडाळतात.

कोपरखैरणे, तळमजला:
आमच्याकडे कंदकुज झाली होती. जुलैच्या झडीत ग्रिलमधून पाणी सतत आत येत होतं. आधी खालची पानं पिवळी पडली, मग खोड नुसतं ओढलं तरी हातात आलं आणि मातीला कुजका वास. ही बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते. एकदा लागली की ती माती पुन्हा आल्याला वापरू नका, आणि त्या गड्ड्याचे तुकडे बियाणं म्हणून तर अजिबात नकोत. आता आम्ही लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेतो, वर मूठभर नीमपेंड आणि थोडं ट्रायकोडर्मा (कूज आणणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते). पावसाळ्यात कुंडी ग्रिलमधून आत, फरशीवर, पण विटांवर उचलून. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी. त्यानंतर कूज नाही.

घोडबंदर रोड:
माझ्या सासूबाई भर घालायला कधी विसरत नाहीत, आणि मला वाटतं आमच्या कुंडीचं सगळं यश त्यातच आहे. कंद मातीबाहेर डोकावू लागला की वर खत-मातीचा थर चढवायचा. उघडा राहिला तर हिरवा पडतो. म्हणूनच लावताना कुंडी काठोकाठ भरू नये. नारळाच्या शेंड्या वर पसरल्या तर ओलही टिकते. पाच-सहा महिन्यांनी कडेची माती उकरून चहापुरतं कोवळं आलं काढता येतं, झाड तसंच वाढत राहतं. पानंही चहात टाका, वास सुरेख येतो.

सीवूड्स:
डिसेंबर आहे, माझ्या कुंडीतली सगळी पानं पिवळी होऊन वाळताहेत. कोपरखैरणेकरांनी लिहिलंय ते वाचून घाबरले. मेलं का?

नौपाडा:
नाही हो ताई! मे महिन्यात लावलं असेल तर तयार झालंय. आल्याला आठ-नऊ महिने लागतात आणि शेवटी पानं वाळतातच. कूज असेल तर खोड मऊ पडतं, वास येतो. तुमचं खोड कोरडं असेल तर काळजी नको. पाणी बंद करा, दोन-तीन आठवड्यांनी टब उलटा करा. किलोच्या हिशेबाने फार निघेल असं नाही, पण ताजं आलं किसताना घरभर जो दरवळ सुटतो तो बाजारच्या आल्याला नसतो. निघाल्यावर सगळं संपवू नका. टपोऱ्या डोळ्यांचे एक-दोन गड्डे न धुता, कोरड्या वाळूत, सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये तेच लावता येतील.